दोन जास्त

धाकट्या जावयांना थोरल्या जावयांचं सगळं चालत होतं, फक्त त्यांचं नवं जेवणाचं टेबल खपत नव्हतं. सगळा दोष सासऱ्यांचा. थोरल्यांकडे जेवून आल्यापासून म्हाताऱ्यांनी एकच धोशा लावला होता, "टेबल असावं तर असं!" धाकट्यांच्या घरी त्यांनी "मीठ असावं तर असं" एवढंही कधी म्हटलं नव्हतं. धाकट्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि ते काही जेवणामुळे नव्हे.

"आपणही टेबल करून घेऊ," ते बायकोला म्हणाले.

"ताईकडे आहे म्हणून?"

"छे! गरज आहे म्हणून. फक्त त्यांच्यापेक्षा दोन इंच मोठं. बाबा जेवायला येतील तेव्हा बघतील की!"

पुढच्या वेळी थोरल्यांकडे जेवताना धाकट्यांनी मुद्दाम चमचा पाडला आणि तो शोधायला टेबलाखाली शिरले. खिशात टेप होता, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. लांबी भरली बहात्तर. तेवढ्यात थोरले खाली वाकले.

"अहो, चमचा सापडला का?"

"सापडतोय, सापडतोय!"

त्या गडबडीत टेप उलटा धरला गेला. रुंदी भरली नव्वद. घरी येऊन त्यांनी दोन्हीत दोन-दोन मिळवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, ७४ बाय ९२. पुढे एकक नाही. आणि हेच धाकटे शाळेत गणित शिकवत होते, एकक विसरणाऱ्या पोरांचा अर्धा मार्क कापत होते.

सुतारानं चिठ्ठी दोनदा वाचली. त्याचा सगळा जन्म इंचांत गेला होता.

"मास्तर, लांबीपेक्षा रुंदी जास्त?"

धाकटे चपापले. पण खात्री करायची तर पुन्हा टेबलाखाली जायला हवं. शिवाय थोरल्यांचं टेबल काहीतरी वेगळंच असणार, त्याशिवाय का सासरे भाळले?

"आहे तसं करा," ते ठणकावून म्हणाले.

टेबल दारातून आत येईना, म्हणून सुतारानं ते खोलीतच जोडलं. मग खोली उरली नाही. फ्रिजचं दार चार बोटं उघडत होतं. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या भाजीला कुणाचाच हात पोचत नव्हता. बायको झाऱ्याला काठी बांधून वाढत होती.

"दोन इंच म्हणाला होतात ना?" तिनं पलीकडून ओरडून विचारलं. धाकट्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं. टेबलाचा तेवढा एक फायदा होता.

रविवारी सगळे जेवायला आले. सासरे भिंतीला पाठ घासत खुर्चीपर्यंत पोचले, पसरलेल्या टेबलाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "टेबल असावं तर असं!"

धाकटे धन्य झाले. थोरल्यांचा घास मात्र हातातच राहिला. थोड्या वेळानं त्यांच्या हातून चमचा पडला आणि तो शोधायला ते टेबलाखाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. खालून टेप सरकल्याचा आवाज तेवढा येत होता.

दोन दिवसांनी सुताराचा फोन आला.

"मास्तर, तुमचे साडू आलेत. दोनशे छत्तीस बाय एकशे नव्वद म्हणतात. इंचांत वीस फूट होतंय हो! विचारलं, तर म्हणतात, आहे तसं करा."

धाकट्यांच्या सगळं लक्षात आलं. थोरल्यांच्या घरात वीस फुटांचं टेबल! भिंत पाडावी लागली असती. पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. मग एकाएकी हसू मावळलं. वीस फूट म्हणजे आपल्या दुपटीहून मोठं. सासरे काय म्हणतील?

"छे छे, इंच नव्हेत, ते सेंटिमीटर आहेत! नाहीतर साडूंना घराची भिंत पाडावी लागेल!" ते घाईघाईनं म्हणाले.

"मग ठीक. तरी तुमच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मोठं होईल बघा."

धाकट्यांनी बायकोकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"दोनशे बत्तीस करा," ते म्हणाले. "त्यांना सांगू नका."

त्यांनी फोन ठेवला. पलीकडच्या टोकाला बसलेल्या बायकोला त्यातलं अर्धंच ऐकू आलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"ताईचं घर वाचवलंत. मन मोठं आहे हो तुमचं."

"असावं लागतं," धाकटे म्हणाले आणि काठीच्या झाऱ्यानं भाजी ओढून घेऊ लागले.