धूर नव्हे, एरोसोल

अक्षता आणि तिचे वडील नंदकिशोर मुलुंडहून मालाडला पोचले, तेव्हा बघायचा मुलगा अजून बाथरूममध्येच होता.

"येतोच हां तो," मुलाच्या आईने, प्रेमाताईंनी, पाहुण्यांपुढे चहा ठेवला आणि बाथरूमच्या दारावर टकटक केली. "सिद्धू, अरे पावणे इले!"

आत सिद्धेशची वाट लागली होती. घाईघाईत डिओचा नवा कॅन दाबला, तो दाबलेलाच राहिला. बटण वर येईना. मरोळच्या एका प्रयोगशाळेत हवेतले कण मोजायची त्याची नोकरी. पण इथे मोजायला सवड कुठली! त्याने कॅन टॉवेलात गुंडाळला, तरी तो फुसफुसतच राहिला. पांढरे लोट दारावरच्या झडपेतून बाहेर यायला लागले.

नंदकिशोरांचं आयुष्य फायर ब्रिगेडमध्ये गेलेलं. ते ताडकन उठले.

"गिझर पेटलाय! मेन स्विच कुठाय?"

"बाबा, थांबा ना, नीट बघा तरी!"

बाबांनी मेन स्विच पाडला, स्वयंपाकघरातली भरलेली बादली उचलली, खांद्याच्या एका धक्क्यात कडी निखळवली आणि समोर दिसलेल्या आकृतीवर बादली रिकामी केली.

आकृती सिद्धेशची होती. इस्त्रीच्या शर्टातली.

"काका, हा धूर नाहीये," तोंड पुसत तो म्हणाला. "एरोसोल आहे."

"डोळ्यांनी बघतोय की मी!"

"काहीतरी जळलं तर धूर. हवेत तरंगणारे बारीक कण, थेंब, ते सगळं एरोसोल. धूर हाही एरोसोलच. पण प्रत्येक एरोसोल म्हणजे धूर नव्हे. इथे जळलंय काय?"

नंदकिशोरांनी हुंगून पाहिलं. वास मोगऱ्याचा होता.

"रिटायर झाल्यापासूनचा पहिला कॉल," ते खिन्नपणे म्हणाले, "आणि तोही मोगऱ्याचा!"

"पण मला जळका वास येतोय," अक्षता म्हणाली.

"गो बाये माझे, वडे!" प्रेमाताई धावल्या.

कढईतून काळा धूर उसळत होता. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको!" नंदकिशोरांनी गॅस बंद केला आणि कढईवर अलगद झाकण ठेवलं. मग समाधानाने वळून त्यांनी विचारलं, "आणि हा काय?"

"हा धूर, काका," सिद्धेश निथळत म्हणाला. "आणि एरोसोलसुद्धा."

नंदकिशोर खो खो हसले. शेवटी नाक्यावरून वडापाव आणवले. सगळे खात असताना मुलुंडहून अक्षताच्या आईचा फोन आला. "कसा वाटला गं मुलगा?"

अक्षताने ओल्या सिद्धेशकडे पाहिलं.

"आई, बाबांनी त्याला आंघोळसुद्धा घातलीय. आता नाही कसं म्हणू?"