काट्याप्रमाणे तीस

एका जंगलात, बाळांनो, एकच रस्ता होता आणि एकच जीप होती. त्यामुळे वाहतुकीची कोंडी फक्त राजाच्या डोक्यात होत असे.

हसू नका. अजून हसण्यासारखं काही घडलेलं नाही.

जीप अर्थातच राजाची. राजा म्हणजे सिंह, हे वेगळं सांगायला नको. रोज सकाळी तो जीपमध्ये बसून राज्याच्या शिवेवरून फेरी मारी. गाडी चालवी गुंडोपंत अस्वल. गुंडोपंत नाकासमोर चालणारे. त्यांच्या नाकासमोर वेगाचा काटा असे, आणि काट्यापलीकडचं ते फारसं बघत नसत.

या रस्त्यावर बांबूच्या बेटापाशी एक वळण होतं. तिथे म्हाळसाक्का नावाची कासवीण राही. घर रस्त्याच्या अलीकडे, तळं पलीकडे. रोज रस्ता ओलांडल्याशिवाय तिच्या घशाला ओल मिळत नसे. रस्ता तिच्या पावलांनी बरोबर अकरा पावलांचा. म्हणून राजानेच कायदा केला होता, की या वळणावर गाडी ताशी तीस मैलांच्या वर न्यायची नाही. गाडी तीसने आली, की वळणावर दिसल्यापासून म्हाळसाक्काची अकरा पावलं पुरी होत, आणि बाराव्याला गाडी तिच्या मागून निघून जाई. कितीतरी वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

मग एके दिवशी राजाला गवा भेटला.

गवा रस्त्याकडेला उभा होता. त्याने राजाला नमस्कार केला, पण वरून खाली बघत केला. त्यात बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याची मानच तेवढ्या उंचीवर होती. पण राजाच्या ते मनाला लागलं.

"ही जीप ठेंगणी आहे," राजा म्हणाला.

प्रधान होत्या घोरपडबाई. खुर्चीला एकदा चिकटल्या की दोर लावून ओढल्या तरी सुटत नसत. त्या म्हणाल्या, "मग मोठी चाकं बसवू या, महाराज. चाकं वाढली की मान आपोआप वाढतो."

चाकं बसवायला साळिंदर मिस्त्रीला बोलावलं. त्याने नव्या चाकांभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं.

"बसवतो. पण मीटरही बदलावं लागेल."

"ते का?" घोरपडबाईंनी विचारलं.

"बाई, मीटर मैल मोजत नाही. चाकाच्या फेऱ्या मोजतं. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढं जाणार. मीटरला ते कोण सांगणार? ते आपलं जुन्याच हिशेबानं बोलणार. काटा तीस दाखवेल, तेव्हा गाडी साडेसदतीसनं पळत असेल."

"सरकारी काटा खोटं बोलतो, असं म्हणायचंय तुला?"

"माझ्या अंगावर हजारभर काटे आहेत, बाई. काट्यांचं मला शिकवू नका."

बाळांनो, खरं बोलायचं तर बोला, पण ते उद्धटपणे बोलू नका. उद्धटपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि खरं तेवढं विसरलं जातं. चाकं बसली. मीटर तेच राहिलं. गव्याने मान वर करून नमस्कार केला आणि राजाला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाक्का नेहमीसारखी रस्त्यावर उतरली. वळणावर गाडी दिसली. तिने पावलं मोजायला सुरुवात केली. दहावं पाऊल उचलते न उचलते, तोच गाडी अंगावर आली. तिने मान आत ओढली. चाक पाठीला घासून गेलं.

पाठ टणक म्हणून ती वाचली. पण कवचाच्या आत, अंधारात, ती बराच वेळ थरथरत बसून होती. दीडशे वर्षांच्या बाईला मरणाची भीती वाटत नाही, असं तुम्हाला वाटतं का? वाटते. चांगली सवय झालेली असते जगण्याची.

ती दरबारात गेली. चालत गेली, म्हणजे चौथ्या दिवशी पोचली.

"महाराज, गाडी जोरात येते हो. माझा जीव जायचा एखाद्या दिवशी."

गुंडोपंतांना बोलावलं. त्यांनी कान धरून सांगितलं, "देवाशपथ, काटा तीसवर होता. केसभरसुद्धा पुढं नव्हता."

आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत.

घोरपडबाईंनी चौकशी केली. चौकशीला पाच मिनिटं लागली. "गाडी तीसनेच येते. रस्ता होता तेवढाच आहे. मग बदललं कोण? कासवीण मंदावली."

दरबाराला हे एकदम पटलं. म्हाळसाक्काला भरभर चालायला शिकवण्यासाठी सरकारी खर्चाने वर्ग काढण्यात आला. शिकवायला सरडा नेमला. त्याची धाव तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्याच दिवशी तो कुंपणापर्यंत गेला आणि 'आजचा धडा संपला' असं तिथूनच ओरडला.

म्हाळसाक्का आता प्यायला पहाटे दंव चाटू लागली. रस्त्याकडे फिरकेना. दंवाने का कुणाची तहान भागते? शेवटी ती मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने तिला चाकाचं सगळं गणित समजावलं.

"मग हे महाराजांना सांग की, बाबा!"

"सांगितलं होतं, आक्का. हाकललं मला. आता काट्यानंच काटा काढायला हवा. त्यांचा काटा खरा आहे ना? त्याच मीटरवर मैलांचे आकडेही फिरतात. मग त्यांना म्हणावं, त्यानंच आपली शीव मोजा."

म्हाळसाक्का पुन्हा दरबारात गेली. "महाराज, माझीच चूक. काटा खराच असणार. पण आपल्या राज्याची फेरी किती मैलांची?"

"चाळीस," राजा म्हणाला. "आजोबांपासून चाळीस."

"काट्याच्या मीटरवर किती मैल भरते, बघितलं का कधी?"

राजाने बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फेरी मारून बघितलं. बत्तीस भरली.

राजा जीपमधून पडता पडता वाचला. "आठ मैल गेले! शेजारच्या वाघाने ढापले!" त्याने आयाळ फुलवली. सैन्य गोळा करा म्हणाला. सैन्यात कोल्हे होते. ते अचानक आजारी पडले.

आता मात्र मिस्त्री घाबरला. चाकापायी लढाई व्हायची. तो हात जोडून पुढे आला. "महाराज, कुणी काही ढापलं नाही. जुनी चाकं बसवा, चाळीसचे चाळीस मैल पुन्हा भरतील."

राजा थांबला. त्याने डोळे बारीक केले.

"आणि जुन्यापेक्षाही लहान बसवली तर?"

मिस्त्रीने म्हाळसाक्काकडे बघितलं. म्हाळसाक्काने मिस्त्रीकडे बघितलं.

"पन्नास भरतील, महाराज," ती हळूच म्हणाली.

त्याच दिवशी लहान चाकं बसली. राजाची मान गव्याच्या गुडघ्यापाशी आली. पण राजा म्हणाला, "बघू दे त्याला खाली. पन्नास मैलांच्या राज्यात उभा आहे तो." आणि वळणावर, काट्याप्रमाणे तीसने, जीप खरी चोवीसने येऊ लागली. म्हाळसाक्काची अकरा पावलं होऊन वर श्वास घ्यायला वेळ उरू लागला.

राज्यविस्ताराचा मोठा सोहळा झाला. घोरपडबाईंनी भाषण केलं, की लढाई न करता दहा मैल मिळवणारा असा राजा झाला नाही. मग राजाने म्हाळसाक्काला सर्वांसमोर बोलावलं.

"तू जुनी. सगळी शीव पायी फिरलेली. तूच सांग सगळ्यांना, किती मैल आहे?"

दीडशे वर्षांत म्हाळसाक्का एकदाही खोटं बोलली नव्हती. तिने मिस्त्रीकडे बघितलं. तो मान हलवत होता, सांग खरं, सांग. तिच्या ओठांवर चाळीस आलंही. मग तिला ते दहावं पाऊल आठवलं.

"पन्नास, महाराज," ती म्हणाली. "जरा जास्तच भरेल."

टाळ्या झाल्या. मिस्त्री मात्र त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नाही. तिला त्याचं फार वाईट वाटतं. पण ती रोज पोटभर पाणी पिते.

तात्पर्य : खोटं मीटर दुरुस्त करण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. ते आपल्या बाजूने खोटं बोलतंय ना, एवढंच बघावं.