नेन्यांचा जर्मन देव

नेने देवाचं नाव घ्यायचे, पण फक्त जर्मनमध्ये.

शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या छपाई कारखान्यात ते मेंटेनन्स बघत आणि रोल्ला भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मशीन बसवायला दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा एक फिटर आला. काही महिन्यांनी तो गेला, पण त्याची भाषा नेन्यांच्या तोंडी बसली ती बसलीच. सकाळी गेटवरच्या पठाणाला 'ग्र्यूस गॉट!' म्हणजे देव तुझं भलं करो. पठाण बिचारा 'वालेकुम सलाम' म्हणून मोकळा. मशीन सुरू झालं की 'गॉट झाय डांक', देवाची कृपा. बंद पडलं की 'उम गॉटेस विलन!', अरे देवा!

एकदा हँबुर्गहून एक साहेब आले. नेन्यांनी झोकात 'ग्र्यूस गॉट' ठोकलं. साहेबांनी 'देवाला नमस्कार सांग' असा शब्दशः अर्थ लावून थंडपणे सुनावलं, "भेटला तर सांगतो." उत्तर जर्मनीत असं म्हणतच नाहीत म्हणे! सदाशिव पेठेत कुणाला 'राम राम पाव्हणं' म्हटल्यासारखं झालं. नेने दोन दिवस फुगून होते.

बरं, हाच गृहस्थ मराठीत देवाचं नाव काढेल तर शपथ! अख्खी शारजा उठता-बसता इन्शाल्ला म्हणते, नेने म्हणायचे, 'बघू.' आमच्या गणपतीला मोदक हाणायचे, पण आरती सुरू झाली की बाल्कनीत. मी छेडलं तर म्हणे, "जोशा, जर्मन म्हणजे नुसती बोलायची रीत रे. यल्ला, चल, चहा पाज." मी समजलो, पक्का नास्तिक आहे.

मग त्यांच्या बायकोचं, सुधावहिनींचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं. उशीर झालाय, खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आत नेताना वहिनी म्हणाल्या, "एकदा तरी हात जोडा हो." नेने छताकडे बघत राहिले. असा संताप आला मला! बाई मरणाच्या दारात, आणि ह्यांना दोन हात जोडायला जड होतात?

सांगितलेली वेळ टळून गेली. एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन तशीच आत पळाली. "सर, प्रे करो," एवढंच म्हणाली. शेजारी नेने पुटपुटत होते, 'लीबर गॉट, लीबर गॉट...' देवा रे, देवा रे.

मला राहवेना. "नेनेसाहेब, अहो, आज तरी आपल्या भाषेत म्हणा!"

ते वळले. डोळे लालबुंद. "आम्हाला एक मुलगा होता. पुण्यात असताना. तापाने गेला. रात्रभर मराठीतच मागत होतो मी. तेव्हापासून वरच्याचा-माझा अबोला आहे."

इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आतून कुणीतरी ओरडून काहीतरी मागवलं. नेन्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"तुझं बोलणं आहे ना त्याच्याशी? मग तू माग. सुधासाठी. मराठीत माग. माझं नाव मात्र काढू नकोस हं, उगाच माझ्यावरचा राग तिच्यावर निघायचा."

मी हात जोडले. नेने उठले, कॉरिडॉरच्या पार टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.