सदाशिवअप्पांच्या माश्या

गिऱ्हाईक नसलं की दुकानदार माश्या मारतात. आमचे सदाशिवअप्पा माश्या बनवायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुना. नव्या कचेरीत कारकून म्हणून मी नांदेडहून आलो आणि अप्पांच्या दोरे-बटणांच्या दुकानावरची खोली मला भाड्यानं मिळाली. किल्ली घ्यायला गेलो, तर काउंटरवर एक माशी बसलेली. मी शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि सपकन हाणलं.

"अरारारा!" अप्पा किंचाळले. "सकाळ गेली हो माझी तिच्यात!"

माशी कोंबड्याच्या पिसाची होती. पोटात बारीक गळ. तो वर्तमानपत्रात असा रुतला, की अग्रलेख फाडून काढावा लागला.

अप्पा पक्के लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. आणि या माणसाला नाद मासे धरण्याचा! तरुणपणी हैदराबादेत एका साहेबाच्या बंगल्यावर बटणं पोचवायला गेले होते. मागच्या तळ्यावर साहेब पिसाची माशी पाण्यावर नाचवत होता. मासा लागला, साहेबानं त्याला हातात घेऊन न्याहाळलं आणि परत पाण्यात सोडून दिलं.

"तवाच म्हणलं, हे आपल्यात बसतंय!" अप्पा सांगायचे.

पिसं आणायला ते आठवडी बाजारात कोंबडीवाल्याकडे जात. पण त्याच्याकडे पाठ करून, नाकाला उपरणं लावून, हात मागं पसरून उभे राहत. माशीला चमक हवी म्हणून अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, लग्नातल्या शालूची जर उसवली. अक्का भेटेल त्याला सांगायच्या, "माशीला शालू, अन् मला सुताडं!"

एकदा मी सहज विचारलं, "पण अप्पा, मासा पिसं का गिळतो?" झालं! त्या संध्याकाळपासून गच्चीवर माझी शिकवणी सुरू. गळाची दांडी मागं न्यायची, क्षणभर थांबायचं, दोरी पुढं सोडायची. पहिल्याच फेकीत शेजारच्या गच्चीवरच्या वकिलांची टोपी गळाला आली.

"वकील लागले!" अप्पा नाचायलाच लागले. "ओढू नका, ढील द्या! दमू द्या त्यांना!"

मग नदीवर जायचा रविवार उजाडला. अप्पांनी काउंटरवर माश्या मांडल्या. मी जरीची, सगळ्यात झगमगीत, ती उचलली.

"तिला बघून तुम्ही लागलात गळाला. मासा न्हाई लागायचा," अप्पा म्हणाले. "लहान नदी, नवा गडी. तीनच माश्या बास. ही फुगीर तरंगती, तुम्हाला दिसती. ही तपकिरी बुडती. अन् ही काळी मुंगी. चवथी घेतली की अक्कल जाती."

"अप्पा, काळी बटणं हायेत का?" दारात एक बाई विचारत होत्या.

"जरा दम धरा की हो बाई! माणूस पयल्यांदा नदीवर चाललाय!"

एस.टी.नं गेलो. तावरजा नदी म्हणजे नुसती वाळू. एका वळणावर खडकाच्या सावलीत एक डोह तेवढा उरला होता. बोटाबोटाएवढे मासे त्यात दाटीवाटीनं तोंडं वर करून फिरत होते. मी घाईनं डबी उघडली.

"आधी दगड उलटा, मग डबी," अप्पा म्हणाले. "काय खायला मिळतंय त्यास्नी, ते तर बघा."

काठचा दगड उलटला. खाली मुंग्या. मग डबीतली पिसाची मुंगीच दोरीला बांधली. मी दांडी उचलली तरी अप्पा पाण्याकडेच बघत होते. बराच वेळ. शेवटी त्यांनी ती मुंगी माझ्या हातून घेतली, खिशातून पक्कड काढली आणि गळाचा वाकडा भाग कट्‌कन तोडून टाकला.

"अहो अप्पा! आता मासा लागणार कसा?"

"दुष्काळात कुणाला जेवायला बोलवायचं, अन् काटा टोचायचा व्हय? टाका तशीच."

टाकली. आधी बाभळीत, मग माझ्याच कानात, मग पाण्यात. मुंगी टेकते न टेकते तोच खाली चांदी चमकली, दोरी थरथरली, माझ्या मनगटाला एक जिवंत हिसका बसला आणि सुटला.

"घेतली! घेतली!" आम्ही दोघंही ओरडलो. नंतर कितीतरी वेळ मी टाकत होतो, ते घेत होते, थुंकत होते, आणि अप्पा टाळ्या वाजवत होते.

उन्हं चढल्यावर खडकाआड बसलो. अप्पांनी पिशवीतून भाकरीच्या दोन पुरचुंड्या काढल्या. दोन्हींत शेंगदाण्याची चटणी, दोन्हींत कांदा.

"अक्कांनी माझीही बांधून दिली?" मी म्हणालो. "मी येणार म्हणून सांगितलं होतं वाटतं."

"न्हाई. मी दरवेळीच दोन घेतो."

"दरवेळी? कुणासाठी?"

"कुणी आलंच सोबत, तर पंचाईत नको."

"मग, येतं का कुणी?"

अप्पांनी चटणी बोटानं सारखी केली. "मासे खातात की दुसरी," ते म्हणाले आणि त्यातली मोठी भाकर माझ्या हातावर ठेवली. "आज त्यास्नी उपास."