कॅमच्या चाकावरचं कुंकू

“आधी पहिला पिस्टन पार वर आण. मग दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर. साखळी त्यानंतर.”

ह्यांचं हे बोलणं मला आरतीसारखं पाठ आहे. रावेरच्या आमच्या केळीच्या शेडमध्ये ह्यांनी तीस वर्षं त्या लाल, बिनटपाच्या, दोनच माणसांच्या विलायती गाडीचं इंजिन खोललं आणि जोडलं, आणि तीस वर्षं मी उजेडाला बॅटरी धरून उभी राहिले. तेव्हा सांगून ठेवते, कॅमशाफ्टचं टायमिंग, म्हणजे इंजिनाच्या झडपा नेमक्या कधी उघडायच्या ते, अख्ख्या जळगाव जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल!

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. इंजिन तसंच राहिलं. ह्यांची मोठी बहीण, नरडाण्याच्या तानुबाई अक्का, दर भाऊबीजेला येऊन त्या मुक्या गाडीत गॉगल लावून बसायच्या आणि हे म्हणायचे, “अक्का, पुढल्या साली तुले याच गाडीमा नरडाणाले सोडसू.” दवाखान्यात शेवटी ह्यांनी माझा हात धरला तो तेवढ्यासाठीच, की अक्काला दिलेला शब्द राहिला. मी हो म्हटलं. अक्का आता ब्याऐंशीच्या आहेत. दोन वर्षं त्यांच्या हातून भाऊबीजेचं ताट निघालेलं नाही.

म्हणून यंदा दिवाळीच्या पाडव्याला सकाळीच धुळ्याहून भिकन मिस्त्रींना बोलावलं. ह्यांचे जुने स्नेही. अडचण एकच. सूर्योदयापासून बारापर्यंत माझं मौन असतं. ह्यांना बरं वाटावं म्हणून धरलं होतं, हे गेल्यावर सोडवेना. सकाळचं बोलायचं तरी कुणाशी होतं?

भिकनभाऊंनी पिस्टन वर आणला, कॅमचं दातेरी चाक हातात घेतलं आणि खूश झाले.

“वहिनी, हाई लाल खूण भाऊनीच करेल शे ना?”

ती खूण नव्हती, कुंकू होतं! खंडेनवमीला मी ह्यांच्या पान्यापासून पिस्टनपर्यंत सगळ्याची पूजा केली होती. माझ्या कपाळाला आता नसतं, म्हणून यंदा लोखंडाला जरा जास्तच लावलं गेलं, इतकंच.

मी दोन्ही हातांनी नाही-नाही केलं. भिकनभाऊंनी चपला काढल्या. मी चाकाकडे बोट करून जोरजोरात मान हलवली. भाऊ नळावर जाऊन हात धुऊन आले. शेवटी बॉनेटवरच्या धुळीत मी बोटाने ठळक लिहिलं, ‘कुंकू’. भाऊंनी वाचलं, चुकल्यासारखा चेहरा केला, देवघरापुढचा करंडा उचलून आणला आणि त्या चाकावर भक्तिभावाने आणखी एक बोट ओढलं.

तुम्ही म्हणाल, पुढचं वाक्यही लिहायचं. लिहीतच होते. पण तोवर भाऊंनी फडकं घेऊन बॉनेट लख्ख पुसून टाकलं. पूजेच्या गाडीवर धूळ कशी ठेवायची!

त्याच लाल बोटाला खूण धरून भाऊंनी साखळी चढवली आणि साडेअकराला स्टार्टर मारला. गाडीला आधी उचकी लागली, मग कार्बोरेटरमधून असा बार निघाला की बाहेर केळी भरणारी माणसं घड टाकून बांधाकडे पळाली. भाऊंच्या पांढऱ्या मिशा क्षणात तरुण झाल्या.

बाराचे ठोके संपले आणि मी दिवसाचा पहिला शब्द बोलले, “खोला.”

मग सगळं सांगितलं. भाऊ टायरवर खाली बसले.

“मंग सकायले सांगाले काय झायं व्हतं, वहिनी?”

मौनाचंही सांगितलं. त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवून माझ्यापुढे धरलं. खरी खूण कुंकवाखाली होती, ते पुसल्याशिवाय दिसणार नव्हती. माझा हात पुढे होईना. हा प्रसंग माझ्यावर एकदा येऊन गेला आहे.

“पुसायला नको,” मी म्हटलं. “धुऊ या.”

भाऊंनी फडकं खाली ठेवलं आणि वाटीने हळूहळू रॉकेल सोडत राहिले. लाल ओघळ गेल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा दिसला. ह्यांचं बोट त्यावरून कितीदा फिरलं असेल. या वेळी दोन्ही खुणा मी स्वतः समोरासमोर पाहिल्या, मगच साखळी चढू दिली.

दुपारी तीनला इंजिन बोललं. हा आवाज मी एकदाच ऐकला होता, लग्नाच्या वर्षी, तापीच्या पुलावर, ह्यांच्या शेजारी बसून. डोळे मिटले तर बॅटरी कुठे धरू, असं विचारावंसं वाटत होतं.

भाऊ चालवायला बसले. एकदा पाय दाबला. पुन्हा दाबला. मग वाकून खाली बघितलं.

“वहिनी, बठ्ठं बराबर शे. पन ब्रेक कोठे शेतस?”

तीस वर्षं आम्ही दोघं गाडी चालू कशी करायची एवढ्याच विचारात होतो. थांबवायची कशी आणि ब्रेक कधी गंजून गेले, हा विषय घरात कधी निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, सूर्य वर येताना गाडी केळीच्या ट्रकवर चढवली, चाकांखाली दगडांची उटी लावली, दोरखंडाने बांधली. अक्कांच्या दारात ट्रक उभा करायचा, त्यांना वर बसवायचं आणि इंजिन चालू करायचं, असं ठरलं. भाऊ मागे गाडीला धरून बसले. मी केबिनमध्ये चढले आणि निरांजनाचं ताट मांडीवर घेतलं.

ड्रायव्हरने विचारलं, कुठे घेऊ?

सूर्य उगवला होता; मी फक्त हात जोडले.

मागून भिकनभाऊंनीच सांगितलं, “नरडाणा.”