मैयाला ब्याण्णव, डॉक्टरांना शहाऐंशी

रांझीतल्या नरहर चांदूरकरांच्या बैठकीत नोव्हेंबरच्या मध्याला असा देखावा होता : दिवाणाखाली ब्याण्णव किलो गूळ आणि दिवाणावर ब्याण्णव किलो नरहर. दोन्ही वजनं एकाच आठवड्यात झाली होती. एक शकुआत्याने करवलं होतं, दुसरं डॉक्टरांनी. आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, एवढीच काय ती चूक.

जुलैत नरहरांच्या काळजात दोन स्टेंट बसले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून आत्याने नवस बोलला होता. पोरगा उठून घरी आला तर नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर त्याची गुळाची तुला करीन. पोरगा छप्पन्न वर्षांचा होता, पण त्याला आईमागे आत्यानेच वाढवलं होतं, तेव्हा तिच्यापुरता तो पोरगाच. नोव्हेंबरात करेली गावचा नवा गूळ बाजारात आला तशी आत्या कामाला लागली. रिछाईच्या ज्या कारखान्यात नरहर स्टोअर सांभाळायचे, तिथल्या मालाच्या काट्यावर तिने त्यांना उभं केलं. ब्याण्णव भरले. तेवढ्या वजनाच्या गुळाच्या भेल्या आणल्या आणि घाटावर जाऊन, ओंजळीत पाणी धरून संकल्प सोडला.

ती नुसतं ‘वजनाइतका गूळ’ म्हणाली असती, तर सगळं सोपं होतं. पण आत्याने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. मोघम उत्तराला तिने कधी कोणाला पूर्ण गुण दिले नव्हते. ती नर्मदामैयाला म्हणाली, ‘ब्याण्णव किलो.’

चारच दिवसांनी डॉक्टरांनी नरहरांना सांगितलं, की साखर वाढली आहे; जानेवारीअखेर वजन शहाऐंशीवर आलं तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर इन्सुलिनची सुई, रोज. नरहर सुईला किती भीत, ते दवाखान्यातल्या दोन वॉर्डबॉयना ठाऊक होतं. जुलैत त्यांनीच त्यांना धरून ठेवलं होतं.

मुलगा यश घरी म्हणाला, “तो क्या हुआ, तुला शहाऐंशीची करू. बाकीचा गूळ वैसे ही दे देंगे.”

“अन् काटा?” आत्या म्हणाली. “काटा बराबर झाल्याबिगर तुला लागत नाही. एक बाजू खाली अन् एक वर, याला काय म्हणतात?”

“अनबॅलन्स,” यश म्हणाला.

“याला अपशकुन म्हणतात. अन् मैयाले दिलेल्यातली भेली मी उचलणार नाही. तुम्ही मले आकडा बदलवाले सांगून राहिले, मी काय पेपर तपासून राहिली काय?”

डॉक्टर आकडा बदलणार नव्हते आणि मैयाशी बोलणारी आत्याही नाही. तेव्हा नरहरांना दोन्ही व्हायचं होतं. मैयासाठी ब्याण्णव, डॉक्टरांसाठी शहाऐंशी, आणि नर्मदा जयंती ते डॉक्टरांची तारीख यांत अंतर फक्त तीन दिवसांचं.

वजन उतरवण्याचा नरहरांचा अनुभव दांडगा होता. त्यांचे निश्चय नेहमी हत्तीएवढे असत आणि हत्तीसारखेच, एकदा बसले की उठत नसत. एका वर्षी ते पहाटे पाचला धुक्यात धावायला निघाले. चौथ्या दिवशी जे अंथरुणात शिरले ते होळीलाच बाहेर आले. एका वर्षी नुसतं सूप प्याले आणि सहाव्या दिवशी खव्याच्या जिलबीच्या दुकानापुढे यशला सापडले, पावशेर संपवून. या खेपेला ते उद्यापासून अन्न सोडतो म्हणाले, तेव्हा त्यांची बायको कुमुद चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

“काही सोडू नका तुम्ही,” ती म्हणाली. “सोडलं की दुप्पट धरता. मी सांगते तेवढं करा, बस.”

तिने सांगितलं ते ऐकून नरहरांना अपमान वाटला. जेवणाआधी एक वाटी मुळा-गाजराची कोशिंबीर. वरणावरचं तूप आता वाढणीच्या पळीने नाही, चहाच्या चमच्याने. दुपारचा डबा खाल्ल्यावर कारखान्याच्या भिंतीशी उन्हात बसून पेंगण्याऐवजी उन्हातच दहा मिनिटं चालायचं. स्कूटर जवळच्या नाही, लांबच्या फाटकाशी लावायची. आणि चहा चार वेळा प्यायचा तर प्या, कप तेवढा लहान. असल्या किरकोळ गोष्टींनी काय होणार, म्हणून त्यांनी त्या केल्या. करण्यासारखं मोठं काही नव्हतं, म्हणून मोडण्यासारखंही काही नव्हतं.

पंधरा दिवसांत सव्वा किलो गेलं. नरहरांनी घरच्या काट्यावर हात फिरवून पाहिला, मग काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला. सव्वाच. ते रात्रभर विचार करत राहिले, की ते गेलं कुठे. चोरी व्हावी आणि घरातल्या कोणालाही आवाज येऊ नये, तसं ते गेलं होतं.

पण डिसेंबरात त्यांची पँट बोलली. ते बैठकीतून जाताना दर चार पावलांना ती वर ओढू लागले आणि आत्याने ते मोजलं. मोतीबिंदूमुळे तिला चेहरे धूसर दिसत, पण घट तिला दिसली. त्याच संध्याकाळी डिंक, मेथी, सुकं खोबरं आणि तूप घरात आलं. रोज दोन लाडू, आत्यासमोर बसून.

“खा. मले मैयापुढे खोटं पाडतो काय?”

नरहरांनी कुमुदकडे पाहिलं. कुमुद म्हणाली, “खा ना. आत्याबाई एवढ्या प्रेमानं सांगून राहिल्या.”

त्या आठवड्यात वजन ग्रॅमभरही उतरलं नाही. उलट वर निघालं. नरहर कुमुदला गच्चीवर गाठून म्हणाले, की तू कोणाच्या बाजूने आहेस ते एकदा सांग. तिने त्यांच्या हातात वाळत घालायचे कपडे दिले. एवढंच बोलली, की आत्याबाईंचे हात दुखतात, पुढचा घाणा मी वळते.

पुढचा घाणा तिने वळला. लाडू लिंबाएवढे झाले. त्यापुढच्यात मोठ्या आवळ्याएवढे. मग साध्या आवळ्याएवढे. आज-उद्यात फरक इतका थोडा, की रोज हाताळणाऱ्या नरहरांनाही कळला नाही. आत्या मात्र रोज विचारी, “दोन खाल्ले न?” आणि ते रोज खरं सांगत. मकरसंक्रांतीला पाहुणी आलेली वैभवी, त्यांची भाची, डबा उघडून म्हणाली, “मामी, या गोळ्या कशाच्या?” तेव्हा नरहर पहिल्यांदा डब्यात वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो, तिची ताकद आपल्याला आज कळली, असा भाव त्यांच्या तोंडावर होता. बसल्या जागी, कोणाशीही न भांडता, तिने डोंगर हलवला होता, आणि तोही चिमटीने.

नर्मदा जयंतीच्या सकाळी घरच्या काट्यावर ते शहाऐंशी भरले. डॉक्टरांचं काम झालं होतं; आता मैयाचे सहा किलो हवे होते. नरहरांनी त्याची तजवीज केली होती. दोन स्वेटर, वर कोट, कोटावर शाल, पायांत कारखान्याचे लोखंडी टोपीचे बूट. कोटाच्या दोन्ही खिशांत स्टोअरमधले नटबोल्ट. ब्याण्णव किलो शंभर ग्रॅम. ते ऑटोत बसले तेव्हा ऑटोही हिंदकळली.

घाटावर तोबा गर्दी. भेल्या एका पारड्यात रचल्या गेल्या. पंडितजींनी नरहरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“भैया, ये सब उतारो. पहले स्नान, फिर गीली धोती में तुला.”

“पंडितजी, ठंड है.”

“मैया के पास आए हो कि हिल स्टेशन?”

आत्याने मान डोलावली. तिला पंडितजींचं बोलणं पटलं होतं. नरहरांनी कोट काढला. तो फरशीवर असा वाजला, की शेजारच्या पूजेतला माणूस मागे वळला. यशने तो घाईने उचलून खांद्यावर टाकला.

पाण्यातून बाहेर आलेले नरहर थरथरत पारड्यात मांडी घालून बसले. दोर सोडला तसा गूळ खाली गेला आणि नरहर हळूहळू वर आले, हातभर, आणि तिथेच राहिले.

आत्या जवळ येऊन उभी राहिली. तिला दोर दिसत नव्हते, पण वर बसलेला माणूस दिसत होता. तिचे ओठ हलू लागले. “काहून रे,” ती पुटपुटली, “काहून नाही घेत मैया तुले?” आणि दवाखान्याच्या बाकावरचा तो जुलै तिच्या तोंडावर परत आला. नरहरांना त्या क्षणी वाटलं, की रोज चार सुया परवडल्या असत्या.

“पत्नी आ जाएँ,” पंडितजी म्हणाले. “दान में पत्नी का हाथ लगता है.”

कुमुदने पदर सारखा केला. पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते तशी ती पुढे आली आणि वर टांगलेल्या नरहरांच्या ओल्या खांद्यावर तिने उजवा तळवा ठेवला. डोळे मिटले. मंत्र सुरू झाला.

पारडं हललं. बोटभर खाली. मग आणखी बोटभर. धक्का नाही, घाई नाही. अडीच महिने वजन जसं चिमूटचिमूट उतरलं होतं, तसंच आता भरत होतं. काट्याची जीभ सरकत सरकत मधोमध आली आणि समईच्या ज्योतीसारखी स्थिर उभी राहिली. मंत्र लांबलचक होता. जीभ केसभर ढळली नाही. भोवतीच्या माणसांतल्या कोणीकोणी हात जोडले. पंडितजींनी आयुष्यात पुष्कळ तुला केल्या होत्या. तेसुद्धा शेवटची ओळ म्हणताना अडखळले.

“बराबर?” आत्याने विचारलं.

“एकदम बराबर, माताजी. ऐसा काँटा हमने नहीं देखा.”

आत्या तिथेच पायरीवर बसली आणि पाण्याकडे पाहत पोटभर रडली. गूळ भाविकांत वाटला गेला. नरहर कोरडे होऊन, बोल्टांचा कोट यशच्याच खांद्यावर ठेवून, कुमुदशेजारून चालू लागले. ती उजवं मनगट डाव्या हाताने चोळत होती.

“किती दाबलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“लागत होतं तेवढंच.”

तीन दिवसांनी डॉक्टरांच्या खोलीत नरहर काट्यापाशी पोचले, एक पाय उचलला आणि थांबले. मग मागे वळून अत्यंत आदराने म्हणाले, “कुमुद, तू जरा बाहेर बसतेस का?”