मोठ्या बाईंचा डबा

रविवारी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मोठ्या बाई पहिल्याच घासाला ताटावरून उठल्या. "तुझ्या हातचं खाण्यापेक्षा हॉटेलात जेवलेलं बरं," असं त्यांनी सुनेला सुनावलं. सून मुळूमुळू रडणाऱ्यांतली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ही बया हात पुसत म्हणाली, "चला मग आई. कोपऱ्यावर थाई हॉटेल निघालंय. मलाही आयतं मिळेल."

आता माघार घ्यायची म्हणजे स्वतःचं नाक कापून सुनेच्या हातात द्यायचं. मोठ्या बाईंनी ठेवणीतल्या चपला काढल्या. मुलगा आणि सून दाराशी गेल्यावर मात्र त्या हळूच स्वयंपाकघरात शिरल्या आणि तीच वांग्याची भाजी डब्यात भरून त्यांनी पिशवीत दडवली. परक्या जेवणाचा भरवसा काय? शिवाय ती भाजी मागे टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं. हे त्या देवापुढेही कबूल करणार नव्हत्या.

हॉटेल म्हणजे सहा टेबलं. मालकीणच रांधायची, मालकीणच वाढायची. टेबलावर चार वाट्या: तिखट, मिरच्या घातलेला व्हिनेगर, कसलासा काळा रस आणि पांढरं काहीतरी. मोठ्या बाईंनी एका चित्रावर बोट ठेवलं, तर बशीभर नूडल्स आल्या.

"याचं टोक कुठाय?"

"आई, टोक शोधू नकोस, खा," मुलगा म्हणाला.

त्यांनी टेबलाखाली डबा गुडघ्यांत धरला आणि झाकण पिरगळलं. ते उडालं, ठणठणत थेट मालकिणीच्या पायाशी जाऊन थांबलं. मालकीण झाकण घेऊन आली. वासामागोमाग ती वाकली. आजूबाजूच्यांच्या माना वळल्या.

"बाहेरचं आणू नका अशी पाटी आहे गं," मुलगा कुजबुजला.

मोठ्या बाईंनी डबा ताठ मानेनं टेबलावर ठेवला. मालकिणीनं चमचा बुडवला, चव घेतली, डोळे मिटले. "कुणी केलंय हे?"

सून डब्याकडेच बघत होती. आपली वांगी कुणाला ओळखू येत नाहीत? मोठ्या बाईंनी 'मी' म्हणावं तर सून समोर बसलेली, 'हिनं' म्हणावं तर मघाचा शब्द गिळावा लागणार.

"हिनं," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "हाताला चव आहे. मीठ तेवढं कमी पडतं." आणि ते सिद्ध करायला त्यांनी पांढऱ्या वाटीतलं चमचाभर भाजीवर पेरून घास घेतला. "हं. आता बरोबर."

शब्द तोंडातून सुटायला आणि साखर जिभेला लागायला एकच गाठ पडली.

"आजी, ती तर..." मालकीण म्हणाली.

सुनेनं तिचा हात दाबला. डबा पुढे ओढून त्याच वाटीतलं आणखी चमचाभर पेरलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता खाल्लं. "हो की. आता बरोबर झालं."

मुलानंही घास घेतला. "अगं, हे गो..."

टेबलाखालून त्याला दोन्हीकडून एकदम लाथ बसली.

परतताना मोठ्या बाईंनी डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "उद्या परत वांगी कर."

"आणि मीठ?"

"तुझ्या अंदाजानं घाल."